लेकरांच्या अंगाला मेडिकलमधली ट्यूब चोळणं थांबवा

संपादक साहेब, नमस्कार.

मी कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. पावसाळा सुरू झाला की वर्गातली पोरं खाजवायला लागतात, कुणाच्या मानेवर कुणाच्या काखेत जांघेत गोल गोल चट्टे, आणि आईला नाहीतर आज्जीला विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाही ओ बाई, उष्णता झालीया, मेडिकलमधनं ट्यूब आणलीया, दोन दिवसात जातंय." आणि दोन दिवसात खरंच जातंय हो, म्हणून तर सगळी फसतात. ह्या ट्यूबवरच मला लिहायचंय, कारण आमच्या पोरांच्या कातडीचं हिनं जेवढं वाटोळं केलंय तेवढं दुसऱ्या कशानं केलेलं मी तरी बघितलं नाही.

ह्या मलमांमध्ये एकदम तीन-तीन चार-चार औषधं असतात, एक बुरशीचं, एक बॅक्टेरियाचं आणि सोबत एक कडक स्टिरॉईड, बऱ्याचदा क्लोबेटासोल, म्हणजे लावायच्या स्टिरॉईडमधलं सगळ्यात वरच्या ताकदीचं. स्टिरॉईडमुळं लाली आणि खाज लगेच दबते, पण हे गोल चट्टे उठवणारी गजकर्णाची बुरशी मरत नाही, उलट तिला अडवायची कातडीची ताकदच कमी होते आणि ती आतल्या आत पसरत जाते. ट्यूब बंद केली की दुप्पट जोरानं वर येते, मग परत ट्यूब. चट्ट्याची ती उठून दिसणारी गोल कड पण जाते, त्यामुळं पुढं डॉक्टरला सुद्धा हे गजकर्णच आहे का ते पटकन ओळखता येत नाही, कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. त्यात आता बुरशीच चिवट झालीय, ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव 2020 साली दिलेली जात आपल्या देशात भरपूर पसरलीय आणि तिच्यावर टर्बिनाफिनसारखं नेहमीचं औषध बऱ्याचदा चालतच नाही. आपल्याकडं तर तालमीत जाणारी पोरं अंगाला अंग घासतात, फुटबॉलची पोरं एकमेकांची जर्सी घालतात, टॉवेल एकच. एकाला झालं की घरभर व्हायला काय वेळ लागतोय.

आणि हे सगळं मोठ्या माणसापेक्षा लहान पोराला जास्त बाधतं हे कुणी सांगतच नाही. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळं लावलेलं औषध रक्तात जास्त जातं, आणि वरनं डायपर बांधला तर अजूनच जास्त. डायपरच्या रॅशला असली ट्यूब महिनोनमहिने लावली तर बाळाचं तोंड सुजून गोल होतं, वाढ खुंटते, अंगात आपोआप तयार होणारं स्टिरॉईड कमी पडायला लागतं. कातडी पातळ होते ते वेगळंच, आणि वयात येणाऱ्या पोरापोरींच्या मांडीवर जे फाटल्यासारखे पट्टे उठतात ते काही केलं तरी पूर्ण जात नाहीत. सरकारनं 2018 साली 14 प्रकारची स्टिरॉईड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. नियम हाय की, पण काउंटरवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटलं की अजून मिळतीया.

मग दाखवायचं कुणाला? आपल्याकडं स्किनचा डॉक्टर म्हटलं की लोकांना पिंपल, केस गळणं, लेझर एवढंच आठवतं, पण लहान मुलांचे त्वचारोग बघणारा डॉक्टर हे फार वेगळं आणि अवघड काम करतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षं त्वचारोगाचं एमडी आणि त्याच्यावर पोरांचा वेगळा अनुभव, कारण पेशंट बोलत नाही, नुसतं रडतं. वर्गातल्या एका मुलाच्या आईबरोबर मी अशा एका डॉक्टर बाईंकडं गेले होते. त्यांनी पोराला आईच्या मांडीवरच ठेवलं, सगळे कपडे काढून डोक्यापासून तळपायापर्यंत बघितलं, नखं, तोंडाच्या आत, आणि मग पोराचं सोडून आईचा हात हातात घेतला आणि तिच्या बोटांच्या बेचक्या बघितल्या. तिथं बारीक पुटकुळ्या होत्या. खरूज! पोराला ॲलर्जी म्हणून किती दिवस औषध चाललेलं आणि खाजत होतं सगळं घर. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानं पण, आठवड्यानं परत एकदा, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, आणि औषधानंतर पण दोन-तीन आठवडे खाज राहू शकते म्हणून घाबरून रोज मलम लावत बसायचं नाही. एवढा वेळ देऊन समजावणं हाच मला त्यातला मोठा भाग वाटला.

डोक्यातल्या गजकर्णाचं पण असंच आहे. पोराच्या डोक्यात केस तुटून टक्कल पडलं की घरचे चाई म्हणून कायतरी चोळतात. ते गजकर्ण असलं तर वरनं कितीही मलम लावा उपयोग नाही, बुरशी केसाच्या मुळात असते, पोटातनंच गोळी-औषध घ्यावं लागतं आणि ते पण सहा-आठ आठवडे.

जन्मानंतर थोड्या दिवसांनी बाळाच्या अंगावर लालभडक डाग येऊन फुगायला लागतो, हिमॅन्जिओमा म्हणतात, त्याला आपल्याकडं लासं म्हणून सोडून देतात नाहीतर ग्रहणाच्या नावावर घालतात. बरेचसे आपोआप जातात हे खरंय, पण डोळ्याजवळ, ओठावर, नाकावर असेल तर थांबायचं नाही, कारण तो सगळ्यात जोरात वाढतो पहिल्या दोन-तीन महिन्यातच. फ्रान्समधल्या बोर्डो इथल्या डॉक्टरांनी 2008 साली दाखवून दिलं की प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं औषध ह्याच्यावर चालतं, आज तेच पहिलं औषध आहे. पण बाळ वर्षाचं झाल्यावर नेलं तर त्याचा निम्मा फायदा हातनं गेलेला असतो. कमरेवरचा निळसर डाग मात्र निरुपद्रवी असतो, त्याच्यासाठी देवऋषी करू नका.

आता उलटी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर हे पत्र वाचून कुणीतरी चालू औषध बंद करेल. ज्या लेकराला खरंच इसब आहे, म्हणजे तान्हेपणी गालावर आणि पुढं कोपराच्या-गुडघ्याच्या घडीत, रात्ररात्र झोप नाही असं, त्याला डॉक्टरनं मोजून दिलेलं सौम्य स्टिरॉईड हेच बरोबर औषध असतं. व्हॉट्सॲपवर वाचून ते घाबरून बंद करणाऱ्या आया पण मी बघितल्यात आणि त्या पोरांचे हाल बघवत नाहीत. कुठलं, किती, कुठं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतो, मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढं मलम मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळहाताएवढ्या जागेला पुरतं असं दाखवून देतो. आणि अंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, रोज, बरं वाटलं तरी. बाळाला डाळीच्या पिठानं खसाखसा घासणं तेवढं बंद करा काकी लोकांनो, हात जोडून सांगते.

इसब लागत नाही, कोड पण लागत नाही. तरी कोड असलेल्या पोरीला वेगळ्या बाकावर बसवा म्हणून पालक शाळेत येतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या पोरीला उपचार आहेत, पण त्याआधी तिला शेजारी बसणारी मैत्रीण पाहिजे.

माझं मागणं एवढंच आहे. औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय स्टिरॉईड मलम विकणाऱ्या दुकानांची तपासणी खरोखर करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सरकारी टीम पोरांच्या तपासणीला वर्षातनं एकदा शाळेत येते, अंगणवाडीत दोनदा, त्यांच्या यादीत त्वचारोग आहेतच, तर त्यांनी पोराला पुढं पाठवलं की ते खरंच स्किनच्या ओपीडीत पोचलं का हे कुणीतरी बघावं, कारण मजुरी बुडते म्हणून आई-बाप जात नाहीत आणि कागद दप्तरात चुरगळून जातो. आणि तुमच्या पेपरात आठवड्यातनं एकदा लहान मुलांच्या त्वचारोगावर चार ओळी डॉक्टरांकडनं लिहून घ्या, आमच्या वस्तीत पेपर एक येतो पण तो दहा घरं वाचतात. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर बाकीचं कापा, पण ट्यूबचं आणि तान्ह्या बाळाच्या लाल डागाचं तेवढं नक्की छापा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर