चोरी की आजार, हे घर पाहून ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या नवी पेठेत किंवा चाटी गल्लीत उचलेगिरी करताना पकडलेली बाई सुखवस्तू घरातली निघाली की लगेच ‘क्लेप्टोमेनिया’ (चौर्योन्माद, म्हणजे चोरीची ऊर्मी अनावर होण्याचा मानसिक आजार) म्हटले जाते. गरिबाघरची असली की ती नुसती चोर. ऐपत पाहून केलेली ही वाटणी चुकीची आहे. निदान पाकिटावरून होत नाही.

गरज नाही, विकायची नाही अशी वस्तू उचलण्याची ऊर्मी पुन्हा पुन्हा अनावर होणे, उचलण्याआधी ताण चढत जाणे आणि उचलताना सुटल्यासारखे वाटणे, हे सगळे एकत्र असावे लागते. शिवाय ती चोरी राग, सूड किंवा भ्रमातून झालेली नसावी. बेत आखून, साथीदार घेऊन चोरी केली, माल विकला, तर तो चौर्योन्माद नव्हे. खऱ्या रुग्णाच्या कपाटात वस्तू लेबलासकट पडून असतात, वाटून टाकल्या जातात, कधी गुपचूप परत ठेवल्या जातात. दुकानचोरीत पकडल्या जाणाऱ्यांपैकी साधारण ४ ते २४ टक्के लोकांनाच हा आजार असतो. म्हणजे बहुतेकांना तो नसतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. पन्नाशीनंतर अचानक असे वागणे सुरू झाले तर आधी मेंदूची तपासणी करावी. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारातही असे घडते.

घरचे लोक रुग्णाला देवापुढे शपथ घालतात. ती टिकत नाही, कारण शपथ मोडल्याची लाज ताण वाढवते आणि ताणातून पुन्हा ऊर्मी उठते. त्यापेक्षा वहीत वेळ, दुकान, मनःस्थिती आणि ऊर्मीचा जोर शून्य ते दहात लिहावा. खरेदीला एकट्याने जाऊ नये, यादीतली खरेदी झाल्यावर दुकानात थांबू नये, मोठी पिशवी नेऊ नये. हीच वही समुपदेशनात कामी येते. तिथे वस्तू उचलण्याच्या कल्पनेला पकडले जाण्याचे चित्र मनातल्या मनात जोडण्याचा सराव करून घेतात. औषधांत नाल्ट्रेक्सोनचा उपयोग २००९ सालच्या एका चाचणीत दिसला, पण ती अवघ्या २५ रुग्णांची होती. हे औषध घेताना यकृताची तपासणी लागते आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांबरोबर ते चालत नाही. म्हणून ते मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आजार आहे म्हणून खटला आपोआप सुटत नाही. आपण चूक करतोय हे रुग्णाला कळत असते, त्यामुळे मनोविकारामुळे कृत्याचे भान नसलेल्याला सूट देणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा आधार सहसा मिळत नाही. मात्र माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली असेल, तर कलम ३०३ नुसार समाजसेवेची शिक्षा होते. वकिलाने उपचारांचे कागद न्यायालयापुढे जरूर ठेवावेत.

दुकानदारांना कळकळीची विनंती: वस्तू परत घ्या, घरच्यांना बोलवा, तक्रार करायची तर जरूर करा, पण सीसीटीव्हीची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. या आजारात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वारंवार आढळतात. संपादक महोदय, आपणही लक्षात घ्यावे की मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार केंद्रात उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. अशा बातमीखाली ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आणि सिव्हिलमधील मानसोपचार विभागाच्या ओपीडीची वेळ छापावी.

आपले,
मानसोपचार क्षेत्रातील कार्यकर्ते, सोलापूर