समास रिकामा का ठेवायचा?

महोदय,

सुवाच्य, रंगीत शाईतल्या नोट्स म्हणजे चांगल्या नोट्स, ही समजूत शाळेतून कॉलेजात येताना सोबत येते. तिथेच घोळ होतो. शिकवणारा मिनिटाला साधारण १०० ते १५० शब्द बोलतो, हाताने मात्र जेमतेम २०-२५ लिहून होतात. शब्दन् शब्द टिपायचा म्हटला की कान बंद पडतात. व्याख्या, सूत्रे, सनावळ्या तेवढ्या जशाच्या तशा घ्याव्यात. बाकीचे ऐकून, आपल्या शब्दांत.

उलट, गणिताच्या किंवा भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावरची पायरी न् पायरी उतरवली जाते, पण ‘इथे दोन्ही बाजूंचे वर्गमूळ का घेतले’ हे तोंडी सांगितलेले कारण कोणी लिहीत नाही. घरी अडते ते नेमके तिथेच.

पानाची मांडणी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी सुचवलेली चांगली: ए-फोर पानावर डावीकडे सुमारे ६ सेंटिमीटर समास, तळाशी ५ सेंटिमीटर जागा. तासाला फक्त उजवीकडे लिहायचे. समास भरायचा त्याच दिवशी, तोही प्रश्नांनी. बहुतेकजण तिथे ‘मागणीची लवचीकता’ असे मथळे लिहितात. त्याचा काही उपयोग नाही. ‘किंमत वाढवूनही विक्रेत्याचे उत्पन्न घटते ते केव्हा?’ असे लिहिले, की उजवी बाजू झाकून उत्तर देता येते. तळाशी दोन-तीन वाक्यांत सार. याला १५ मिनिटे पुरतात. तीच वही ‘फेअर’ करायला दोन तास घालवणे म्हणजे निव्वळ हस्ताक्षराचा सराव.

लॅपटॉप वाईट, असे २०१४च्या एका गाजलेल्या प्रयोगानंतर सर्रास म्हटले जाते. पुढच्या फेरप्रयोगांत हाताने लिहिणारे आणि टाइप करणारे यांच्यातला फरक तितका ठाम दिसला नाही. खरी अडचण आहे ती विचार न करता उतरवून घेण्याची, आणि टायपिंगचा वेग तो मोह वाढवतो. आकृतीचा फोटो जरूर घ्यावा, पण वहीत त्या जागी तशी खूण करावी. नाहीतर तो गॅलरीत हरवलाच समजा.

एखादा मुद्दा निसटला तर तीन ओळी कोऱ्या सोडून प्रश्नचिन्ह टाकावे आणि पुढे ऐकत राहावे. पुढच्या तासाआधी ती जागा भरली नाही, तर परीक्षेपर्यंत ती कोरीच राहते. प्राध्यापकांनीही स्लाइड बदलण्यापूर्वी अर्धे मिनिट थांबावे, एवढी विनंती.

— एक अध्यापक