आत्याला ३७५ टक्क्यांवरून खाली आणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. त्या रात्री अडीच तास फोनवर राहून वेगवेगळ्या मापांचं फुटेज एका फिल्ममध्ये बसवण्याबद्दल तुम्ही जे शिकवलंत, ते माझ्यासारखं एकाच टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) चार जातींचं फुटेज ओतून डोकं धरून बसलेल्या कुणाच्या तरी कामी येईल.

इतरांसाठी थोडी हकिकत सांगतो. आत्याच्या मातीकामावर एकोणीस मिनिटांची फिल्म करत होतो. हाताशी काय होतं? तिच्या तरुणपणीची एक मिनी-डीव्ही कॅसेट, ७२० बाय ५७६ पिक्सलची (पिक्सल म्हणजे चित्राचे ठिपके). चुलतभावाच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या मुलाखती, १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. माझ्या फोनवरचं फोर-के, म्हणजे ३८४० बाय २१६०, सेकंदाला साधारण ३० फ्रेम. आणि तिच्या एका विद्यार्थिनीने मेसेजवर पाठवलेली उभी क्लिप. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फिल्म दाखवायची होती आणि मध्ये दोनच दिवस उरले होते.

माझी चूक अगदी पहिल्या मिनिटाला झाली होती, पण मला ती दोन आठवडे कळली नाही. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या रिकाम्या सिक्वेन्समध्ये (ठरावीक मापाच्या टाइमलाइनमध्ये) मी पहिल्यांदा फोनची क्लिप टाकली. क्लिप आणि सिक्वेन्स जुळत नाहीत, सिक्वेन्स बदलू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. न वाचता ‘हो’ म्हटलं. झालं! सगळी फिल्म फोर-के आणि ३० फ्रेमवर जाऊन बसली. मुलाखती टाकल्या तर आत्या पडद्याच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी. मग मी एकेक क्लिप हाताने ताणत गेलो: एक २०० टक्के, एक २०३, एक १९८, डोळ्यांना बरं दिसेल तिथे थांबायचं. कॅसेटवरच्या आत्याला तर ३७५ टक्के. तिच्या चाकाच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आल्या, चेहऱ्याचं पीठ झालं, आणि मुलाखतीत तिचे ओठ मध्येच अडखळल्यासारखे दिसायला लागले.

तुम्हाला फोन केला तेव्हा मी विचारलं होतं, ‘जुनं फुटेज शार्प कसं करायचं?’ तुम्ही त्याला उत्तरच दिलं नाहीत. उलट विचारलंत, ‘दाखवणार कशावर?’

मला माहीत नव्हतं. आयोजकांना विचारलं तर कळलं, प्रोजेक्टर १९२० बाय १०८० चा. म्हणजे मी मुलाखती दुप्पट फुगवत होतो आणि प्रोजेक्टर त्या परत निम्म्या करणार होता! मग तुमचा दुसरा प्रश्न: ‘एकोणीसपैकी किती मिनिटं कुठल्या फुटेजची?’ मोजलं. अकरा मिनिटं मुलाखती. ‘मग वाद कसला? १०८०, २५ फ्रेम. नवा सिक्वेन्स काढ.’

मी सगळं नव्या सिक्वेन्समध्ये पेस्ट केलं आणि आत्याचं फक्त नाक दिसायला लागलं, कारण २०० टक्के क्लिपबरोबर तसेच आले होते. तुम्ही हसलात. मग सगळं सिलेक्ट करून रिमूव्ह अ‍ॅट्रिब्यूट्समधून मोशन, म्हणजे क्लिपचं स्केल आणि जागा, पुसून टाकायला लावलंत. मी दोन आठवडे केलेले झूम गेले म्हणून कुरकुरलो, तर म्हणालात, ‘चुकीच्या मापावर बेतलेलं कापड आहे ते. जाऊ दे.’

त्यानंतर जे सांगितलंत ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट-क्लिक केलं की दोन आज्ञा दिसायच्या, स्केल टू फ्रेम साइझ आणि सेट टू फ्रेम साइझ. (नावं आवृत्तीनुसार थोडी बदलतात, दुसरीला आता फिट टू फ्रेम म्हणतात.) पडद्यावर दोन्हींचा परिणाम हुबेहूब सारखा, म्हणून मी कायम पहिलीच वापरायचो. तुम्ही म्हणालात, मोठ्या नकाशाची लहान झेरॉक्स काढायची आणि मग गल्लीचं नाव वाचायला ती झेरॉक्सच मोठी करायची, तसं पहिलीचं आहे. ती फोर-के क्लिप आधी सिक्वेन्सच्या मापाची करून टाकते आणि स्केलचा आकडा १०० दाखवते. तुम्ही झूम केलात की त्या छोट्या चित्राचेच पिक्सल फुटतात. दुसरी मूळ नकाशा हातात ठेवते, फक्त लांब धरते. तिथे आकडा ५० दिसतो.

‘तो ५० हा तुझा बँक बॅलन्स आहे,’ असं तुम्ही म्हणालात. १०० पर्यंत खर्च कर, त्यापुढे उधारी. त्या एका वाक्यानंतर मला सगळी टाइमलाइन वेगळी दिसायला लागली. आत्याचे हात मी एकाच फोनने, एकाच अंतरावरून घेतले होते. आता ५० वर तिचं अख्खं चाक दिसत होतं आणि ९० वर नुसती बोटं. एका शॉटचे दोन झाले, तेही एक पिक्सल न ताणता. मुलाखतींचा आकडा १००, म्हणजे तिथे शिल्लक शून्य. तिथे झूमचा मोह सोडायचा.

तुम्ही स्वतः रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करता, तेव्हा त्याचीही एक गोष्ट सांगितली होतीत, तीही लिहून ठेवतो. तिथे हा निर्णय प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या इमेज स्केलिंगमध्ये एकदाच होतो: न जुळणारी क्लिप पूर्ण बसवायची, कापून भरायची, आहे त्या मापात मधोमध ठेवायची की चारही कोपऱ्यांपर्यंत ताणायची. झूम केला तरी ते मूळ पिक्सलच वापरतं आणि टाइमलाइनचं रिझोल्यूशन (पिक्सलमधलं माप) नंतरही बदलता येतं. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) मात्र आधीच ठरवायचा, फुटेज आत आलं की प्रोजेक्टचा तो आकडा बदलू देत नाही.

फ्रेम रेटवरून तुम्ही मला जास्त झापलंत, आणि बरोबर होतं. लोक रिझोल्यूशनला घाबरतात, पण प्रेक्षकाच्या डोळ्यांत फ्रेम आधी खुपतात. ३० च्या टाइमलाइनवर २५ च्या मुलाखतीतल्या पाच फ्रेम दर सेकंदाला दोनदा दिसत होत्या, ते ओठांचं अडखळणं त्याचंच. आता उलटं झालं: फोनच्या पाच फ्रेम गळायला लागल्या. स्थिर शॉटमध्ये कुणाला कळत नाही, पण फोन आडवा फिरवलेल्या शॉटमध्ये भिंत टप्प्याटप्प्याने सरकते. त्यातून फोन फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, कधी २९, कधी ३०. आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घे म्हणालात. मग हातांचे शॉट इंटरप्रेट करून, म्हणजे फाइल २५ फ्रेमची आहे असं सॉफ्टवेअरला समजायला लावून, २५ वर आणले, म्हणजे वेग ८३ टक्क्यांच्या आसपास गेला. माती वर चढते ती थोडी सावकाश चढते. आत्याला ते एवढं आवडलं की ‘मी खरंच इतकी शांत काम करते?’ असं विचारत होती. करत नाही.

कॅसेटबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडलो, ते इथे कबूल करायला हवं. मला ती फुल स्क्रीनच हवी होती. एका एआय टूलमधून मोठी करूनही आणली होती. त्यात आत्याच्या गालावरचे डाग गेले आणि तीन बोटांची दोन झाली. तुम्ही ते पाहून एवढंच म्हणालात, ‘ही कोण?’

मग गणित मांडलंत. ७२० बाय ५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सल. मी तिला २१६० उंचीला ताणलं तेव्हा चार-तीनच्या चौकटीत ६२ लाखांवर पिक्सल भरायचे होते, म्हणजे एका खऱ्यामागे चौदा बनावट. शिवाय ते फुटेज इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी. त्या न सोडवता ताणलं की दोन्ही क्षण एकमेकांत कालवले जातात, आणि मग कुठलाही फिल्टर ते वेगळे करू शकत नाही. आधी डीइंटरलेस (त्या ओळी सोडवणं), मग स्केल. डीव्हीची खालची फील्ड (अर्ध्या ओळींचा संच) आधी असते, तेही तपासायला लावलंत. माझ्याकडे ती उलटी लागली होती, म्हणून चाक मागेपुढे थरथरत होतं. आणि त्याचे पिक्सल चौरस नसतात, त्यांच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा आकडा चुकला की आत्या बारीक दिसते. (तिची त्याला हरकत नव्हती.)

शेवटी ती १५० टक्क्यांवर बसवली. पडद्याच्या मधोमध ८६४ ओळींची चौकट, भोवती गडद करडा रंग. मला वाटलं होतं लोक म्हणतील, हे लहान का? कुणीही म्हणालं नाही. मुलाखतीतली साठी उलटलेली आत्या आणि चौकटीतली पंचविशीची आत्या अशी एकामागून एक आली तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ती चौकट मी पूर्ण भरली असती तर हे झालं नसतं, याची मला खात्री आहे.

उभ्या क्लिपसाठी मी मागे तीच क्लिप धूसर करून पसरवली होती. तुम्हाला तो प्रकार मुळीच आवडत नाही हे तेव्हा कळलं. पण तुमचा खरा उपाय त्याहून साधा निघाला: ‘मूळ फाइल माग.’ मेसेजवरून आली तेव्हा ती ८४८ पिक्सल उंच होती. विद्यार्थिनीने फोनमधली मूळ फाइल पाठवली, ती १०८० बाय १९२०. चाकावर वाकलेले हात त्यातून चक्क आडवे कापता आले. एवढं सॉफ्टवेअर शिकलो आणि सगळ्यात चांगलं अपस्केलिंग एका फोन कॉलने झालं.

बारीकसारीक राहिलंच आहे. वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) क्लिप आणि सिक्वेन्सची मापं जुळत नाहीत म्हणून अडून बसला, तेव्हा क्लिप नेस्ट कर (वेगळ्या सिक्वेन्समध्ये गुंडाळ) म्हणालात, पण नेस्टचं माप फोर-केच ठेव आणि इफेक्ट आतल्या क्लिपवर लाव, नाहीतर पुन्हा झेरॉक्सवाली गोष्ट. प्रॉक्सी (एडिटिंग हलकं व्हावं म्हणून केलेल्या क्लिपच्या छोट्या नकला) बनवताना आकार लहान चालेल, पण लांबी-रुंदीचं प्रमाण आणि फ्रेम रेट मूळचेच हवेत. आणि प्रॉक्सी चालू असताना ‘शार्प नाही’ म्हणून रडायचं नाही! ते मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तुम्हालाच फोन केला.

आभार कशाचे मानतोय, हे नीट सांगायला हवं. प्रोजेक्ट फाइल पाठवतो, तुम्ही करून द्या, असं मी म्हटलं होतं. तुम्हाला ते वीस मिनिटांचं काम होतं. तुम्ही नाही म्हणालात आणि त्याऐवजी मधल्या रात्रीचे अडीच तास मला भागाकार करायला लावलेत. त्या वेळी राग आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांनी सुरुवातीचं शीर्षक बदलायला सांगितलं, दोन शॉट मागेपुढे करावे लागले, आणि मला कुणाला फोन करावा लागला नाही.

सोबत फिल्मची फाइल ठेवतोय. शेवटच्या शॉटमध्ये आत्याच्या बोटांवर स्केल १०७ आहे. १०० वर डाव्या काठाला दिव्याचा स्टँड दिसत होता, दुसरा टेक नव्हता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्या येईल. फोन जवळच ठेवून बसतो.

तुमचा,
आत्याचा भाचा