पर्यटकांचा हंगाम नसतो, तेव्हा उसाचा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत हिवाळी सहलींवर लेख होता. नाताळची गर्दी ओसरली की जानेवारीत खोल्या स्वस्त, ठिकाणं मोकळी, रस्ते रिकामे. मुलांना गाडीत घाला आणि खुशाल निघा, असा त्याचा सूर. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिसरी लिहिणारा माणूस जानेवारीतल्या पहाटे आमच्या खानदेशातल्या शिरपूर–शहादा रस्त्यावर आलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. मी एस.टी.त चालक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं याच अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर आणि त्याच्या फाट्यांवर गेली. पर्यटकांचा हंगाम आटोपतो तेव्हा या रस्त्याचा हंगाम ऐन भरात असतो. ऊस, कापूस, केळी, सगळं एकाच डांबरावरून.

यंदा संक्रांतीला जोडून पुण्याहून मुलगी आणि नातवंडं आली होती. नातू अकरावीत, नात नववीत. (दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर या बेताच्या नादी लागू नका. पूर्वपरीक्षा आणि प्रात्यक्षिकं डोक्यावर असताना ते पोरगं खिडकीबाहेर बघणार नाही.) सातपुड्यातल्या तोरणमाळला जायचं ठरलं आणि आखणीचं काम नातीकडे दिलं. तिने कागद आणला: पहाटे साडेचारला चोपडा सोडायचं, शिरपूर, शहादा, म्हसावद करत वर चढायचं, यशवंत तलावावर सकाळचं ऊन घ्यायचं, परत येताना नंदुरबार. फोनमधला नकाशा तिला तसं सांगत होता. मी साडेचारवर काट मारली आणि घरात रुसवाफुगवा सुरू झाला.

त्या नकाशाला ऊस दिसत नाही, हे तिला पटेना. जानेवारीत तापीकाठी रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन झपाट्याने गार होते, बागायतीची ओल असतेच. पहाटे धुकं बसतं ते कधी कधी आठ-साडेआठपर्यंत हलत नाही. नवखा माणूस घाबरून अप्पर, म्हणजे दिव्यांचा लांबचा झोत मारतो. तो उजेड धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत येतो. डिपरवरच, खालच्या झोतावरच चालावं लागतं. आणि त्या धुक्यात पुढे असतो एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. उसाच्या मोळ्या इतक्या मागे लोंबतात की मागचा दिवा असला तरी झाकला जातो. रिफ्लेक्टर असेल तर त्यावर चिखलाचा थर. बैलांच्या टायरगाड्यांना तर तेवढंही नसतं. ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायची वेळ टळून गेलेली असते.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना ‘मी सांगतो म्हणून’ चालत नाही. म्हणून नातवाच्या हातात वही दिली. ताशी साठ म्हणजे सेकंदाला किती? साडेसोळा मीटरच्या वर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धर. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी साडेसोळा मीटर पुढे गेलेली. धुक्यात दिसतं किती? वीस मीटर म्हण. उरलेल्या साडेतीन मीटरात गाडी थांबव बरं. त्याने दोनदा गणित तपासलं आणि बहिणीच्या कागदावर स्वतःच ‘नऊ’ लिहिलं. या वयाची मुलं सुटीत नवाच्या आधी उठतात हा समज कोणाचा आहे कोण जाणे. आमची नाश्ता करून गाडीत बसेपर्यंत साडेनऊ झाले.

एकदा वेळ अशी बांधली की बाकीचा बेत आपोआप आटोपशीर होतो. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, म्हणून पाचला चाक थांबलं पाहिजे आणि घाट त्याच्याही आधी चढून झाला पाहिजे. हातात सात-आठ तास. तेवढ्यात थाळनेरला वळून तापीकाठचे, एकेकाळी खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी राजांचे मकबरे बघून होतात. अकबराने असीरगड घेतला आणि आपला मुलगा दानियाल याच्या नावावरून खानदेशाचं ‘दानदेश’ केलं, हे ऐकून नात अर्धा तास सगळ्यांना दानदेशी म्हणत होती. आधार कार्ड देशात पहिल्यांदा २०१० साली शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हेही त्यांना मी सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, फोनवर शोधलं, मग ठेवला. थांबे मात्र चहावरून ठरवू नका, स्वच्छतागृहावरून ठरवा. बरोबर मुली असतील तर चालकाची पहिली चिंता तीच असावी.

तोरणमाळला पावसाळ्यात आणि महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दीमुळे गाडी लावायची मारामार असते. जानेवारीत तलावाला आम्ही आणि बदकं. सीताखाईचा धबधबा या दिवसांत नावापुरता असतो, हे घरीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तिथे कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. घाटात फोनची रेंज गेली आणि मागच्या सीटवरून आवाज आला, “आबा, आते कितलं राहिनं?” पुण्यात वाढलेली पोर अहिराणीत बोलली, आईकडून उचललं असणार. रात्री थंडी हाडात शिरते, स्वेटर नव्हे, घोंगडी लागते. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे हुशार लोक मी घाटाखाली ब्रेक तापवून बसलेले पुष्कळ पाहिले आहेत.

परतीला नंदुरबार. या दिवसांत तिथल्या वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या बघाव्यात. एकरच्या एकर जमीन लाल, खाटेवर टाकलेल्या नव्या लुगड्यासारखी. फोटो काढता काढता दोघं शिंकून बेजार झाली. मे महिन्याच्या सहलीत हे मिळत नाही. मग शिरीषकुमारच्या स्मारकापाशी गेलो. ९ सप्टेंबर १९४२ च्या इंग्रजांविरुद्धच्या मिरवणुकीत पोलिसांची गोळी लागून तो गेला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नातू म्हणाला, “माझ्यापेक्षा लहान.” त्यावर मी भाषण दिलं नाही. दुपारी दादर ज्वारीची भाकरी आणि भरीत. हिरव्या वांग्याचं, काड्यांवर भाजलेलं. पिझ्झ्याचं नाव कोणी काढलं नाही, ठेच्याने मात्र नातवाच्या डोळ्यांत पाणी आणलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. वर तलावाच्या मोकळ्या रस्त्यावर नातवाने लकडा लावला, “आबा, दोन मिनिटं स्टेअरिंग द्या ना.” मी कायदा सांगितला: अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि काही घडलं तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी खाली सपाटीला आलो तर समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि चाकामागे मिसरूडही न फुटलेला पोरगा. नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?

गाळप अजून महिना-दोन महिने चालेल. रस्त्यावर उभं राहून एकेक ट्रॉली अडवायला पोलीस आणि आर.टी.ओ. पुरे पडणार नाहीत, हे मला कळतं. पण प्रत्येक ट्रॉलीला एका ठिकाणी थांबावंच लागतं, ते म्हणजे कारखान्याचा वजनकाटा. उसाच्या टोकाला बांधलेली लाल पट्टीची रिफ्लेक्टर पाटी नसेल आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसेल, तर वजनाची पावती फाडायची नाही, एवढा नियम परिवहन खात्याने कारखान्यांना घालून द्यावा. पाटी ट्रॉलीच्या पत्र्याला ठोकून उपयोग नाही, ती उसाखाली झाकली जाते. मोळीलाच बांधली पाहिजे. पुढच्या हंगामात गाळप सुरू करताना मोळीपूजन होतं, त्या दिवशीच ती वाटली तर खर्चही नारळाइतकाच येईल.

आणि आपण पुढच्या पुरवणीत हॉटेलांच्या दरांशेजारी एक छोटी चौकट छापावी: खानदेशात जानेवारीत नवाच्या आधी आणि पाचनंतर गाडी काढू नका.

आपला,
एक निवृत्त एस.टी. चालक
चोपडा, जि. जळगाव