स्वीट नंबरावरून निवडू नका

लाइपझिग

ती. स्व. अण्णाकाका यांस,
सा. न. वि. वि.

व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं वाद्य) शिकणाऱ्या तिघा मुलांसाठी जर्मन रचनाकार बाखच्या सहा स्वीटचं पुस्तक पाठवलंय. स्वीट म्हणजे प्रिल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, आणि मागोमाग नाचांची माळ. मूळ रचना त्याहून मोठ्या चेलोच्या, पण व्हायोलाच्या तारा त्याच, सी-जी-डी-ए, फक्त एक सप्तक वर. म्हणून सूर जसेच्या तसे बसतात. मात्र पुस्तकाच्या क्रमाने शिकवू नका, आणि अख्खा स्वीटही देऊ नका. एकेक भाग उचला.

धाकटीला पहिल्या स्वीटमधले दोन मिन्युएट नाच. बहुतेक सगळं पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात पट्टीच्या टोकाशीच. दुसऱ्या मिन्युएटमध्ये बी आणि ई कोमल, तिथे पहिलं बोट मागे ओढायचं असतं; ते नेहमीच्या जागी पडतं आणि सूर चढतो. प्रिल्यूड तिला लगेच हवा असेल, पण थांबवा. सुरुवात फसवी सोपी आहे: मोकळी जी, मोकळी डी, ए तारेवर पहिलं बोट. अडतं ते उजवं कोपर. ते उशिरा पोचतं आणि मधली तार खरवडते. आधी दोन-दोन तारा एकत्र, जी-डी, मग डी-ए, लांब गजाने वाजवून घ्या.

मिरजेच्या मुलाला तिसरा स्वीट, सी मेजर सप्तकातला. आधी त्यातला बूरे हा नाच, मग प्रिल्यूड. हा प्रिल्यूड पहिल्याच झटक्यात दोन सप्तकं उतरून मोकळ्या सी तारेवर येतो, आणि ती तार उशिरा बोलते. दाबलं तर गुरगुरते. गज हळू करा, घोडीच्या (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीच्या) जरा जवळ न्या. चौथ्याची घाई नको. ई फ्लॅट (कोमल ई) मेजरमध्ये हात सतत ताणलेला राहतो.

पाचव्या स्वीटमध्ये ए तार 'जी' सुरापर्यंत उतरवायची. मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणतात, अगदी तेवढंच. एक तार सैल झाली की घोडीवरचा भार बदलतो आणि बाकीच्या किंचित चढतात, म्हणून चारही पुन्हा लावा, दहा मिनिटांनी आणखी एकदा. छापील प्रती दोन तऱ्हेच्या मिळतात. उतरवलेल्या तारेसाठी लिहिलेली प्रत नेहमीच्या जुळणीवर वाजवली तर वरच्या तारेवरचे सूर एक पूर्ण स्वर चढे येतात, आणि दोष मुलाच्या कानाला जातो! यातला साराबांद हा संथ नाच कागदावर सर्वांत सोपा दिसतो, एकही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाही. पण उघडा सूर झाकायलाही काही नाही. तो थोरल्यालाच द्या.

सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी आहे; व्हायोलाच्या बऱ्याच प्रतींत तो डीऐवजी जी मेजरमध्ये छापतात. त्याआधी थोरल्याला जर्मन रचनाकार रेगरच्या 1915च्या तीन स्वीटपैकी पहिला द्या. तो व्हायोलासाठीच लिहिलेला, गजाच्या खुणा स्वतः रेगरच्या. बाखच्या हातची प्रत उरलेलीच नाही, म्हणून दोन आवृत्त्यांत गजाच्या खुणा जुळल्या नाहीत तर गोंधळू नका, कानाला पटेल ते ठेवा.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, मेमध्ये सांगलीच्या उन्हाने सुकून सुटतात. पाचवा दिवाळीनंतर काढा.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी