सूचना : रविवारची श्रवणबैठक, योहानेस ब्राम्स

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या जागी बैठक आहे. या वेळी जर्मन संगीतकार ब्राम्स.

जन्म हाम्बुर्गचा, १८३३ चा. वडील डबल बास वाजवत. विशीतच संगीतकार शूमानने लेख लिहून त्याचं तोंडभरून कौतुक केलं. पण आधी होऊन गेलेल्या बेथोवनचा धाक असा, की पहिली सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लोकांसमोर यायला १८७६ उजाडलं. तेव्हा ब्राम्स त्रेचाळीस वर्षांचा होता!

आपण मात्र उत्तरायुष्यातली रचना ऐकणार आहोत. १८९० मध्ये त्याने लेखणी खाली ठेवायचं ठरवलं होतं. मग जर्मनीतल्या मायनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिखार्ड म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट कानावर पडलं आणि १८९१ च्या उन्हाळ्यात क्लॅरिनेट क्विंटेट (क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना) लिहून झालं. माझ्या मते त्याचं सर्वांत जवळचं वाटणारं संगीत हेच. दुसऱ्या भागाच्या मध्यावर कान द्या: तंतुवाद्यं खाली थरथरत राहतात आणि क्लॅरिनेट हंगेरियन जिप्सी वादकासारखं मोकळं सुटतं. अखेरीस पहिल्या भागाची सुरावट परत येते, ती ओळखता यावी म्हणून सुरुवात चुकवू नका.

रचना साधारण पाऊण तासाची आहे. सव्वापाचपर्यंत या, मोबाइल बंद ठेवा. नवख्या मित्रमंडळींनाही जरूर आणा. येणाऱ्यांची संख्या शुक्रवारपर्यंत कळवा.