आमच्या होम स्टडीच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

परदेशातून मूल दत्तक घेतलेल्या घरांच्या गोष्टी लोक आवडीने ऐकतात. त्यांत आईवडील असतात, मुलं असतात. होम स्टडीचा, म्हणजे मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या घराच्या पाहणीचा, अहवाल लिहिणारी सोशल वर्कर मात्र कुठेच नसते. आमच्या चर्चच्या मंडळीतही आम्हा दोघांच्या विश्वासाचं कौतुक होतं. त्या विश्वासाला तुम्ही किती कष्टाने वाट दाखवलीत, हे सगळ्यांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

आमचा निर्णय प्रार्थनेतून झाला होता. मूल होत नाही हे त्यामागचं कारण नव्हतं. आईबापाविना वाढणाऱ्या लेकरांचं ओझं प्रभूने आमच्या मनावर घातलं होतं, आणि ते काही केल्या उतरत नव्हतं. पहिल्याच गृहभेटीत मी तुम्हाला बायबलमधलं याकोब 1:27 हे वचन वाचून दाखवलं: अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं हेच शुद्ध धर्माचरण. तुम्ही आमच्या धर्माच्या नाही. तरी ते वचन तुम्ही वहीत उतरवून घेतलंत, आणि पुढच्या भेटीत वही उघडून म्हणालात, "यात अनाथांच्या शेजारी विधवाही आहे. मग मुलाच्या आईचा समाचार कोण घेणार?"

आमचा पुढचा सगळा प्रवास त्या प्रश्नातून झाला, ताई. उपासनेत आम्ही अनाथांचे मोठाले आकडे ऐकत आलो होतो. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एकच गेलेलं मूलही अनाथांमध्ये धरतात, आणि त्या आकड्यांतल्या बहुतेकांचं एक पालक हयात असतं, हे तुम्ही सांगितलंत. 2010 साली हैतीत भूकंप झाला, तेव्हा आमच्यासारखीच कळकळ असलेला अमेरिकन ख्रिस्ती लोकांचा एक गट 33 मुलांना पुरेशा कागदपत्रांविना सीमेपलीकडे न्यायला निघाला आणि पकडला गेला. त्यांतल्या कितीतरी मुलांचे आईवडील जिवंत होते. हॅरी आणि बर्था होल्ट या शेतकरी जोडप्याबद्दलही आपण खूप बोललो. 1955 मध्ये त्यांनी कोरियातली आठ मुलं दत्तक घेतली, त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. त्यांच्या विश्वासाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्यानंतरच्या दशकांत कोरियातून हजारो मुलं बाहेर गेली, आणि आईवडील असलेल्या मुलांनाही कागदोपत्री अनाथ ठरवल्याचे प्रकार घडले. 2025 मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानेच ते नोंदवलं. हे सगळं तुम्ही आम्हाला घाबरवायला सांगितलं नाहीत. श्रद्धेने घेतलेला निर्णय खरेपणाने पार पडावा, एवढीच तुमची धडपड होती.

मग ती पहिली फाइल आली. फोटो बघताक्षणी आम्ही त्या बाळाचं नाव घेऊन प्रार्थना सुरू केली. तुम्ही मात्र कागद एकेक करून उलटत होतात. एका पानावर थांबलात, जन्मदाखला पुन्हा काढलात, दोन्ही कागद शेजारी ठेवलेत आणि तारखांवर बोट ठेवलंत. आईची संमती बाळाच्या जन्माआधीची होती! परदेशी दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग या आंतरराष्ट्रीय करारानुसार आईची संमती जन्मानंतरच घेता येते, ती पैसे देऊन मिळवता येत नाही, आणि मुलाला त्याच्याच देशात घर मिळतं का हे आधी बघावं लागतं. हे नियम आम्ही प्रशिक्षणात ऐकले होते, पण त्यांच्यामागे एक बाई उभी असते हे त्या दिवशी दिसलं. तुम्ही लगेच वर लिहिलंत आणि प्रक्रिया थांबली. मी खूप रडले, आणि तुम्ही मला रडू दिलंत. पुढे कळलं की चौकशीत बाळाची आजी सापडली आणि तिने त्याला घरी नेलं. अजूनही आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो, आता आजीसाठीही.

आमची दोघं आली ती त्यानंतर बऱ्याच काळाने. सख्खी भावंडं, बहीण मोठी. घरी आल्यावर ती भावाला भरवल्याशिवाय घास तोंडात घालत नसे, आणि उरलेला पाव उशीखाली लपवून ठेवायची. "आता तू लहान आहेस, हे काम आमचं" असं तिला सांगावं, असं मला फार वाटायचं. तुम्ही म्हणालात, तिचं काम हिसकावून घेऊ नका. तिच्या शेजारी बसा, एक घास तिने द्यावा, एक तुम्ही. पाव संपला की न बोलता दुसरा ठेवा. तसंच केलं. एक दिवस ती भावाला माझ्याकडे सोडून खेळायला पळाली, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता, आठवतं?

लोक अजूनही मुलांच्या तोंडावर म्हणतात, "पोरांनी नशीब काढलं." आम्ही तिथेच सांगतो की नशीब आमचं, आणि या मुलांनी भाषा, माणसं, ओळखीचा रस्ता सगळं मागे ठेवलंय. मुलांवर उपकाराचं ओझं कधीही येऊ देऊ नका, हे तुमचं सांगणं आम्ही घरात पाळतो. मंडळीत साक्ष द्यायला बोलावलं, तेव्हा आम्ही आमच्या प्रार्थनेबद्दल बोललो. मुलांचं मागचं आयुष्य सांगितलं नाही. ते त्यांचं आहे, केव्हा आणि कुणाला सांगायचं ते ठरवतील.

मोशेची गोष्ट मी आता मुलांना वेगळ्या रीतीने सांगते. पूर्वी फारो राजाची कन्या नदीतली बाळ मोशेची टोपली उघडते तिथे माझं मन रमायचं. आता मी त्याच्या जन्मदात्या आईपाशी, योखेबेदपाशी थांबते, आणि लव्हाळ्यांच्या कडेला दूर उभं राहून भावावर नजर ठेवणाऱ्या बहिणीपाशी. आमच्या लेकीला ती बहीण फार आवडते.

परवा तिने विचारलं, माझ्या आईचं नाव काय. ते नाव आमच्याजवळ होतं, कारण मूळ नोंदींच्या प्रती मिळेपर्यंत तुम्ही पत्रं लिहायची थांबला नव्हतात. नाव सांगितलं, गावही सांगितलं. आता तिला पूर्ण फाइल बघायची आहे, आणि ती बघताना ताई हव्यात असं तिचंच म्हणणं आहे. तुमच्या सोयीचा दिवस कळवा. आम्ही चौघंही येऊ.

प्रभू तुम्हाला उदंड आशीर्वाद देवो.

तुमचे ऋणी,
दोन लेकरांचे आई-बाबा